साफ नळीचं माप

५ जानेवारी, रविवार. रात्री ७.४०

रायफल घरी आली. नेमबाजीच्या क्लबच्या भिंतीवर बावीस वर्षं काचेमागे टांगलेली होती. ही नळीच्या तोंडातून भरायची जात. आधी नळीत मोजून बंदुकीची दारू ओतायची, मग चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी तोंडावर ठेवायची आणि गजाने तळापर्यंत ढकलायची. तेव्हा कुठे एक बार. क्लबात सगळे म्हणतात, ही नेम धरत नाही. मी म्हटलं, रायफल चुकत नसते, माप चुकतं. बेअरिंगच्या कारखान्यात तपासणी खात्यात एकतीस वर्षं काढली आहेत मी. तिथे मला सगळे ‘रिजेक्ट’ म्हणायचे. आदराने.

कॅप्टनने अट घातली. (कॅप्टन म्हणजे क्लबचा सेक्रेटरी. कधी कुठल्या सैन्यात नव्हता. मिशांमुळे कॅप्टन.) वीस एप्रिलला स्पर्धा. दहा बार, शंभर गुण. साठ मिळवले तर मी टीममध्ये आणि रायफल कायमची माझ्याकडे. नाही मिळाले तर रायफल परत भिंतीवर. मी म्हटलं, ऐंशी ठेवा. त्याने साठच ठेवले. मोठ्या मनाचा माणूस.

आमची ही दुपारी लेकीकडे गेली. लेकीची रजा संपली, नातीला बघायला कुणी नाही. आठ दिवसांसाठी. निघताना म्हणाली, तुम्हीही चला, खोली रिकामी आहे, इथे काय ठेवलंय. मी रायफलकडे बोट दाखवलं. तिने बॅग उचलली. म्हणजे पटलं.

८ जानेवारी

पहिले दहा बार. क्लबच्या डब्यातल्या गोळ्या, क्लबचीच चिंधी. एकतीस गुण. दोन गोळ्या शेजारच्या टार्गेटवर. शेजारी दातांची डॉक्टरीण होती. तिने त्या दोन्ही प्रामाणिकपणे मला परत दिल्या, म्हणजे कागदावर.

कारण उघड आहे. नळी बारा पूर्णांक सत्तर मिलिमीटर, गोळी बारा पंचेचाळीस. पाव मिलिमीटर फट. कारखान्यात एवढ्या फटीत मी फोरमनची नोकरी घालवली असती.

क्लबचा बंदूक दुरुस्त करणारा आहे, त्याला काजळ्या म्हणतात, हात कायम काळे. तो म्हणाला, पाव मिलिमीटर पाहिजेच, तिथे चिंधी बसते, चिंधी जाड घ्या, दोनतीन प्रकार घालून बघा, जो कागदावर चांगला तो चांगला. घालून बघा! याला म्हणतात अंदाजपंचे दाहोदरसे. मी घालून बघत नाही. मी मोजतो. एकदा मोजलं की प्रश्न मिटला.

संकल्प: १) रोज पहाटे व्यायाम. २) हिला दर रविवारी फोन. ३) स्वयंपाकघर ती ठेवून गेली तसंच ठेवायचं.

१२ जानेवारी, रविवार

व्यायाम उद्यापासून. सध्या थंडी आहे.

काजळ्याने रायफलचं मागचं बूच काढून दिलं. मऊ शिशाची गोळी नळीतून ठोकत आरपार काढली. अशा गोळीवर नळीच्या आतला अख्खा छाप उठतो, तो मोजायचा. नळीत पिळाच्या खाचा सात. सात विषम आकडा. त्यामुळे व्हर्नियरचा एक जबडा खाचेवर बसतो तेव्हा दुसरा समोरच्या उंचवट्यावर. सात वेळा मोजलं, सात वेगळे आकडे. शेवटी सातांची सरासरी काढली. हे क्लबात दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं.

हिला फोन करायचा राहिला. तिनेच केला. आठ दिवस झाले होते. म्हणाली, नातीला माझी सवय लागलीय, आणखी थोडं राहते. मी म्हटलं राहा, मला इथे काही कमी नाही. ती म्हणाली, ते माहीत आहे मला.

२६ जानेवारी, रविवार

काजळ्याकडे गोळ्यांचा नवा साचा करायला टाकला. बारा साठ. त्याने दोनदा विचारलं, नक्की साठ? मी दोनदा सांगितलं, साठ. तो म्हणाला, साहेब, तुम्ही साफ नळी मोजलीत. तीन बार झाले की आत काजळी बसते, नळी अरुंद होते. घाण नळी मोजा. मी त्याला शांतपणे समजावलं की एकतीस वर्षांत घाण पार्ट टेबलावर आला तर मी तो न मोजता परत पाठवलाय. घाणीचं माप घ्यायचं नसतं. घाण पुसायची असते. तो म्हणाला, मग पुसा. प्रत्येक बारानंतर पुसा.

ते डॉक्टरीण करते. बार, ओला बोळा, कोरडा बोळा, मग पुढचा बार. आधी कागदाकडे बघायचं सोडून नळीचे दात घासत बसते. गोळी बरोबर मापाची असेल तर ती स्वतःच नळी पुसत जाते. हे माझं मत.

९ फेब्रुवारी, रविवार. दुपार

साचा आला. ओतकाम सुरू. शिसं वितळवायला खोलगट जाड बुडाचं भांडं लागतं. हिचं दुधाचं पातेलं अगदी योग्य निघालं. खिडकी उघडी ठेवली होती, सगळी काळजी घेतली. दोनशे चाळीस गोळ्या ओतल्या. तपासणीत दोनशे बारा रिजेक्ट. फार दिवसांनी इतकं बरं वाटलं.

हिचा फोन आला तेव्हा हात गुंतले होते, स्पीकरवर बोललो. तिने विचारलं, कसला आवाज. गोळ्या परातीत पडत होत्या. तिने विचारलं, कुठल्या पातेल्यात वितळवताय. मी विषय बदलला. ती म्हणाली, त्या पातेल्यात आता पुन्हा दूध तापवू नका, विष आहे ते, पातेलं टाकून द्या. मग म्हणाली, नाहीतर असू दे, तिथे दूध पिणारं आहे कोण.

काळजी करते माझी.

१० फेब्रुवारी

व्यायाम: रायफल उचलतो तोच व्यायाम धरायचा.

२३ फेब्रुवारी, रविवार

फोन मी केला. संकल्पाप्रमाणे. ती सायकल शिकायला गेली होती. छपन्नाव्या वर्षी. जावयाने सायकल आणून दिली म्हणे. लेक हसत सांगत होती की आई दोनदा पडली आणि दोनदा स्वतःच उठली. नात आता धरून उभी राहते. माझं नाव काढलं की दाराकडे बघते, असं लेक म्हणाली. मग म्हणाली, खरं म्हणजे कुणाचंही नाव काढलं तरी बघते.

ही सायकल शिकतेय म्हणजे माझ्याशिवाय करमत नाहीये. माणूस एकटा पडला की असं काहीतरी शोधतो. मला वाईट वाटलं तिचं.

९ मार्च, रविवार. सकाळी ११

चिंधीचा प्रश्न सुटला. बारा साठच्या गोळीला अगदी पातळ कापड लागतं. घरात सगळीकडे शोधलं. शेवटी एक नवी कोरी चादर सापडली, पाकिटातून काढलेली नव्हती. विणकाम एकसारखं, जाडी शंभर ठिकाणी मोजली, कुठे फरक नाही. तिचे चारशे गोल कापले. चादर पांढरी, कडेला निळी वेल. वेलीचा भाग वापरला नाही, तिथे जाडी वाढते. तो जपून ठेवलाय.

(नंतर.) लेकीने सांगितलं, ती चादर आईने तुमच्या दोघांसाठी आणली होती, आमच्या इकडच्या खोलीतल्या पलंगाच्या मापाची. तिला अजून सांगितलेलं नाही. योग्य वेळी सांगेन.

१६ मार्च, रविवार

विजय. दोन बार मारले, पन्नास मीटरवर. दोन्ही भोकं टार्गेटच्या काळ्या गोलात, एकमेकांपासून दोन सेंटिमीटरवर. व्हर्नियरने मोजून कागदावर लिहिलं आणि कॅप्टनकडून सही घेतली. गोळी नळीत अशी गेली की काय सांगू, मऊसूत, गजाला जोर नाही. कॅप्टन म्हणाला, आता पुढचे आठ मारा. मी नाही मारले. सिद्ध झालेली गोष्ट पुन्हा सिद्ध करणं म्हणजे दारू फुकट घालवणं. बेअरिंग पास झालं की आपण ते परत मोजत नाही.

काजळ्या मागून आला. एका बैठकीत सलग दहा मारा, स्पर्धेआधी एकदा तरी, एवढंच म्हणाला. पालथ्या घड्यावर पाणी, असंही पुटपुटला. बहुतेक डॉक्टरीणबाईंबद्दल.

३० मार्च, रविवार. संध्याकाळी ६.१५

हिचा फोन. नीट लिहून ठेवतो, कारण महत्त्वाचं आहे.

म्हणाली, वीस एप्रिलला नातीचा पहिला वाढदिवस, संध्याकाळी सहाला केक कापायचाय. म्हणाली, त्या दिवशी बॅग घेऊन या. मी म्हटलं, वीसला स्पर्धा आहे. ती म्हणाली, माहीत आहे, सकाळी आहे ना, चारची बस मिळते, साडेपाचला इथे पोचता. मी म्हटलं, स्पर्धा झाली की मी तुला घ्यायला येणारच होतो, टीममध्ये निवड झाली की रायफल माझी, मग तू आणि मी आणि रायफल आपल्या घरी. ती म्हणाली, मला घ्यायला येऊ नका. राहायला या. गुण किती पडले ते मी विचारणार नाही. मी काही रागावले नाहीये, पण मी आता कायम वाट बघत बसणार नाही, हे तुम्हाला एकदा सरळ सांगते. वीसला आलात तर आलात.

मी म्हटलं, येतोच.

ती माझ्या पाठीशी आहे. आता साठ नाही, पंच्याहत्तर मारायचे. निकालाचा कागद खिशात घालून जाईन आणि केकच्या बाजूला ठेवीन.

६ एप्रिल, रविवार

तयारी: रायफल रोज आतून बाहेरून साफ. कोरडा सराव, म्हणजे दारू न घालता, साफ नळीत गोळी ढकलायची आणि काढायची. आज पन्नास वेळा. पन्नास वेळा मऊसूत. रेंजवर गेलो नाही. तिथे नळी घाण होते.

नातीला काय न्यायचं? सुचलं नाही. लेकीला विचारीन.

१३ एप्रिल, रविवार

घरात आज फार रिकामं वाटलं. स्वयंपाकघरात ओट्यावर सगळीकडे शिशाचे थेंब, ते खरवडत बसलो, निघत नाहीत. संकल्प क्रमांक तीन जरा मागे पडलाय. ही असती तर म्हणाली असती, नाचता येईना अंगण वाकडे. मला ती हवी आहे. लिहून ठेवतो, कुणी वाचणार नाही.

आठवडाच राहिलाय.

१९ एप्रिल, शनिवार

बॅग भरली. चारच्या बसचं तिकीट काढून ठेवलं, खिडकीची जागा. नातीसाठी काही घेतलं नाही, तिथे चौकात दुकान आहे. चादरीचं सांगायचं आहे. केक कापल्यावर सांगेन, तेव्हा सगळे खुशीत असतील.

गोळ्या पंधरा, पुन्हा तपासल्या, तीन रिजेक्ट, बारा राहिल्या. दहाच लागणार.

२० एप्रिल, रविवार. सकाळी ६.३०

आजचा दिवस माझा. व्यायाम केला.

२० एप्रिल, संध्याकाळी ७.५०

सगळं क्रमाने लिहितो म्हणजे चूक कुणाची ते स्पष्ट होईल.

पहिला बार नऊ. दुसरा आठ. मागे कुणीतरी टाळी वाजवली, मी वळलो नाही. तिसऱ्याला गज जरा जड गेला. सात. चौथी गोळी नळीत निम्म्यावर गेली आणि थांबली. मी गजावर जोर दिला. मग हाताच्या टाचेने मारलं. मग लाकडी हातोडीने. गज वाकला. गोळी दारूपासून वर अडकली असताना बार करायचा नसतो, नळी फुटते, हे मला माहीत आहे आणि मी केलाही नाही, हे नोंद असावं. कॅप्टनने सगळ्यांना थांबवलं. आठच्या आठ नेमबाज हात मागे घेऊन उभे, आणि काजळ्या माझ्या रायफलमध्ये स्क्रू फिरवून गोळी ओढतोय. चाळीस मिनिटं. सगळी रेंज माझ्याकडे बघत होती.

गोळी निघाली. काजळ्याने नळी ओल्या बोळ्याने पुसली, पांढऱ्या बोळ्याचा कोळसा झाला. कॅप्टनने मला वेळ वाढवून दिला, हे मात्र खरं. म्हणाला, सात बार बाकी आहेत, छत्तीस गुण हवेत, आरामात होतील. डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या गोळ्यांची डबी पुढे केली. बारा पंचेचाळीस आणि जाड चिंधी. म्हणाल्या, प्रत्येक बारानंतर मी पुसून देते, तुम्ही फक्त नेम धरा.

मी नको म्हटलं. दुसऱ्याने मोजलेली गोळी मी माझ्या नळीत घालत नाही. हा तत्त्वाचा प्रश्न होता. काजळ्या म्हणाला, साहेब, हात जोडतो, घ्या. मी चौथ्या बाराला पुन्हा माझीच गोळी घातली. एक वीत खाली जाऊन अडकली.

चोवीस गुण.

डॉक्टरीणबाईंना अठ्ठ्याऐंशी.

मी दुपारी बारा वाजताच मोकळा झालो. चारच्या बसला भरपूर वेळ होता. पण अडकलेल्या दोन्ही गोळ्या खिशात होत्या, आणि त्या तशाच घेऊन जाणं बरोबर वाटेना. काय सांगणार होतो तिथे? म्हणून जरा मोजायला बसलो. गोळ्या बरोबर होत्या. अगदी बारा साठ. नळी अरुंद झाली होती. म्हणजे माझी चूक नाही, नळीची. हे पुन्हा पुन्हा मोजून पक्कं केलं तेव्हा पाच वाजून वीस मिनिटं झाली होती.

साडेसहाला लेकीला फोन केला. मागे गोंगाट होता. ती म्हणाली, केक कापला बाबा. आईने सहाची वेळ सहा दहा केली होती. मी म्हटलं, आईला दे. ती म्हणाली, आई बाहेर सायकलवर गेलीय, येईल थोड्या वेळाने.

बॅग दाराशी आहे. उद्या सकाळच्या बसने जाईन.

२१ एप्रिल

गेलो नाही. कालच्या दिवसाचा मान वेगळा, आज गेलो तर उशीर झाल्यासारखं दिसेल. पुढच्या रविवारी.

२३ एप्रिल

हिचा फोन. गुण विचारले नाहीत. रागावलेलीही नव्हती, अजिबात नाही, जेवलात का वगैरे विचारलं, पाणी येतंय का विचारलं. आवाज अगदी छान, मोकळा. मी चादरीचं सांगितलं. ती म्हणाली, असू दे, चादरच ती. पूर्वी ही माझ्याशी तासतासभर भांडायची. आता सगळं सुरळीत झालंय.

 

२७ एप्रिल, रविवार

रायफल परत केली. काजळ्याने काचेमागे टांगली. मी स्पिरिट लेव्हल नेली होती, त्यामुळे सरळ टांगली गेली. कॅप्टनने चहा पाजला. आजचा रविवार त्यातच गेला.

काजळ्या म्हणाला, वहिनी कशा आहेत. मी म्हटलं, मजेत. तो म्हणाला, जाऊन या साहेब. या आठवड्यात जा. मी म्हटलं, तू नळ्यांचं बघ.

४ मे, रविवार

आनंदाची बातमी. हिचा फोन आला आणि तिने माझ्याकडे एक काम सोपवलं. बेडरूममधलं तिचं कपाट, तिच्या माहेरचं, त्याचं माप हवंय. उंची, रुंदी, खोली. नीट मोजा म्हणाली, मिलिमीटरचा फरक नको, तुमच्याइतकं नीट दुसरं कोण मोजणार. एकतीस वर्षांच्या संसारात... नाही, संसार चौतीस वर्षांचा, नोकरी एकतीस. तर चौतीस वर्षांत पहिल्यांदा तिने हे कबूल केलं.

ती लवकरच येतेय. येण्याआधी बेडरूमची मांडणी बदलायचा विचार दिसतो.

दुपारभर मोजलं. चारी कोपरे, वर, खाली, मध्ये, दार उघडून, दार लावून. एक पाय दोन मिलिमीटर झिजलाय, तोही लिहिला. आत साड्या, शाली, तिचे जुने फोटो जसेच्या तसे होते. साड्यांना तिचा वास येत होता. कपाट बंद केलं. मापं स्वच्छ अक्षरात लिहून लेकीला फोटो पाठवला.

१० मे, शनिवार. सकाळी ९.३०

टेम्पो आला. दोन माणसं. कपाट न्यायचंय म्हणाले, कपड्यांसकट, वहिनींनी सांगितलंय दारं दोरीने बांधून आणा. मी विचारलं, पॉलिशला का? त्यांनी एकमेकांकडे बघितलं. म्हणाले, आम्हाला पत्ता दिलाय फक्त. पत्ता लेकीचा. तिकडे पॉलिशवाला चांगला असेल.

जिन्याच्या वळणावर अडणार असं ते म्हणत होते. मी आधीच मोजलं होतं, तिरकं करा, चार बोटं राहतील. चार बोटं राहिली. टेम्पो कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी खालीच उभा होतो.

१० मे, दुपारी २.१०

लेकीचा फोन. कपाट पोचलं. तिथल्या खोलीत खिडकीशेजारी कोनाडा आहे, त्यात असं बसलं की सूत इकडे नाही की सूत तिकडे नाही. जावई म्हणाला, इतकं अचूक माप आयुष्यात बघितलं नाही. मी म्हटलं, मग.

मी विचारलं, आई परत कधी येतेय.  लेक म्हणाली, बाबा, कपाट इथे आलंय ना.

मी म्हटलं, हो, बरोबर आहे.